नाव राहिलं, चेहरा गेला: हातात धरायच्या मोठ्या निगेटिव्हच्या कॅमेऱ्याची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून ठेवतोय. आजचा विषय कॅमेरा. तोही फिल्मचा, त्यातही मीडियम फॉरमॅट आणि तिपाईशिवाय हातात धरून फोटो काढायचा. "अरे, खिशात फोन आहे ना?" असं तुमच्यातले निम्मे आत्ता म्हणत असतील. म्हणा. पण सुरुवात आपण कॅमेऱ्यापासून नाही, जुन्नरच्या नाणेघाटापासून करू.

नाणेघाटात माथ्याजवळ जी कोरीव गुहा आहे, ती तुम्ही पाहिली असेल. पावसाळ्यात तिथे सेल्फीला रांग लागते. त्या गुहेच्या डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे आणि समोरच्या भिंतीवर एकेकाळी सातवाहन घराण्याचे पुतळे होते. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रत्येक पुतळ्याच्या डोक्यावर नाव कोरलेलं: राया सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राया सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. म्हणजे एका घराण्याचा चक्क फॅमिली फोटो, प्रत्येकाच्या डोक्यावर कॅप्शनसकट. आज काय उरलंय? नावं आहेत. काही ठिकाणी पावलांच्या खुणा आहेत. चेहरा एकही नाही. नागनिका दिसायला कशी होती, हे आपल्याला कधीच कळणार नाही.

आता तिथून खाली या, शेजारच्या तालुक्यात. तालुक्याचं नाव आंबेगाव, पण कचेरी घोडेगावला. मग आंबेगाव गाव कुठंय? ते घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. कुकडी प्रकल्पातली येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणं आपल्या भागातल्या पोरांना तोंडपाठ असतात. त्या पाण्यावर खालच्या अंगाला ऊस झाला, द्राक्षं झाली, माझ्यासारख्यांची कॉलेजची फी भरली गेली. आणि ज्या गावावरून तालुक्याचं नाव पडलं, ते गाव नकाशावर नुसतं नाव म्हणून उरलं. इथेही तेच झालं. नाव राहिलं, चेहरा गेला.

माझ्या आजीचं माहेर तिथलं. तिच्या ट्रंकेत त्या घराचा एकच फोटो आहे, चौकोनी, काळा-पांढरा, तळहातापेक्षा लहान. ओसरीवर सात माणसं उभी आहेत. फोटो इतका बारीक पण इतका स्पष्ट, की मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघितलं तर मागच्या खुंटीला अडकवलेलं इरलं दिसतं, पणजीच्या नाकातल्या नथीचे मोती मोजता येतात. मला प्रश्न पडला, हा फोटो काढला कशाने? आणि त्या गावातली जी माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत, त्यांचे फोटो मला काढायचे असतील, तर मी कशाने काढू? आजचा भाग या दोन प्रश्नांचा आहे.

चौकोनी का, आणि एवढा स्पष्ट का

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं निघालं. चौकोनी फोटो म्हणजे बहुतेक वेळा १२० चा रोल. ही फिल्म कोडॅकने १९०१ मध्ये काढली, ब्राऊनी नंबर २ नावाच्या साध्या डब्यासारख्या कॅमेऱ्यासाठी. रुंदी साधारण सहा सेंटीमीटर, पाठीला काळा कागद, कागदावर आकडे. कॅमेऱ्याच्या मागे लाल काचेची छोटी खिडकी असायची, त्यातून आकडा बघत रोल पुढे सरकवायचा. जरा विचार करा, १९०१ चा हा फॉरमॅट आजही चालतो. माझ्या कामाच्या क्षेत्रात दहा वर्षांपूर्वीची फाईल उघडायची तरी घाम फुटतो!

या फिल्मवर चौकोनी फ्रेम येते ती ५६ बाय ५६ मिलिमीटरची. आपल्याकडे ज्याला साधा रोल म्हणायचे, त्या ३५ एमएमच्या फिल्मवर फ्रेम २४ बाय ३६ ची. गुणाकार केला तर एकीकडे ३१३६ चौरस मिलिमीटर, दुसरीकडे ८६४. साडेतीन पटीहून जास्त. निगेटिव्ह मोठी, म्हणजे प्रिंट काढताना ती कमी ताणायची, म्हणजे दाणा कमी दिसणार आणि बारकावे जास्त राहणार. नथीचे मोती मोजता येतात ते यामुळे. त्या काळी पुष्कळदा निगेटिव्ह मोठी करतच नसत. कागदावर तशीच ठेवून तेवढ्याच मापाची प्रिंट काढत, तिला कॉन्टॅक्ट प्रिंट म्हणतात. आजीचा फोटो तसाच आहे.

एकाच १२० च्या रोलवर कॅमेऱ्याप्रमाणे फ्रेमची मापं बदलतात. सहा बाय साडेचार सेंटीमीटर ठेवलं तर पंधरा-सोळा फोटो, सहा बाय सहा ठेवलं तर बारा, सहा बाय सात असेल तर दहा आणि सहा बाय नऊ असेल तर फक्त आठ. या सगळ्या खानदानाला मीडियम फॉरमॅट म्हणतात.

जेव्हा कॅमेरा म्हणजे सामान होतं

हातात धरायची गोष्ट नंतर आली. आपल्याकडे फोटोग्राफी फार लवकर पोचली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे त्यातले एक नावाजलेले फोटोग्राफर. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही निघाला. त्याच सुमाराला मुंबई सरकारने जुन्या वास्तूंचे फोटो काढायला कॅप्टन बिग्ज नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला नेमलं.

पण तेव्हाचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, जाड तिपाई, काचेच्या किंवा कागदाच्या मोठ्या निगेटिव्ह आणि रसायनांच्या बाटल्या. बैलगाडीभर सामान. एक्स्पोजर सेकंदांत, कधी मिनिटांत. त्यामुळे फोटो कुणाचा निघणार? जो हलत नाही त्याचा. किल्ला, लेणं, मंदिर, किंवा मानेमागे लोखंडी टेकू लावून ताठ बसवलेला सरदार. भात लावणारी बाई हलते. बाजारातला माणूस हलतो. रांगणारं मूल तर थांबतच नाही. म्हणजे यंत्राच्या मर्यादेमुळेच इतिहासात कुणाचा चेहरा राहणार हे ठरत होतं. सिमुकाचा पुतळा कोरला गेला, त्याच्या घाटातून बैल हाकणाऱ्याचा नाही, तसंच काहीसं.

म्हणून कॅमेरा हातात आला, ही माझ्या मते नुसती सोय नव्हती. फोटो कुणाचा निघू शकतो, तेच त्यामुळे बदललं.

१९२९: पोटाशी धरायचा कॅमेरा

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात फ्रांके आणि हायडेके या दोघांची कंपनी होती. त्यांनी १९२९ मध्ये रोलेफ्लेक्स आणला. त्याला एकावर एक दोन भिंगं. वरच्या भिंगातून आपण बघायचं, खालच्यातून फोटो निघतो. म्हणून नाव ट्विन लेन्स रिफ्लेक्स, थोडक्यात टीएलआर. वरच्या भिंगामागे पंचेचाळीस अंशात आरसा असतो, तो प्रतिमा वरच्या काचेवर टाकतो. फोटोग्राफर कॅमेरा पोटाशी धरतो, मान खाली घालून काचेत बघतो. एक गंमत म्हणजे चित्र सुलट दिसतं, पण डावं-उजवं उलटं. माणूस डावीकडे सरकला की काचेत तो उजवीकडे जातो. पहिले दोन-तीन रोल डोकं गरगरतं, मग सवय होते.

हा कॅमेरा हातात एवढा चांगला का चालतो, ते नीट समजून घ्या, कारण निवड करताना हेच कामाला येणार आहे.

एक, यातला आरसा हलत नाही. पुढे आलेल्या सिंगल लेन्स कॅमेऱ्यांत फोटोच्या क्षणी आरसा वर उडतो आणि धक्का देतो. इथे तो प्रश्नच नाही.

दोन, शटर भिंगाच्या आत असतं, छोट्या पात्यांचं. आवाज जवळजवळ नाहीच. एक बारीक 'टिक'.

तीन, गळ्यातला पट्टा. कॅमेरा खाली दाबून पट्टा ताणला की मान, दोन हात आणि पोट मिळून एक तिपाईच तयार होते.

आणि चौथं कारण यंत्राचं नाही. समोरच्या माणसाला तुमचा चेहरा झाकलेला दिसत नाही. तुम्ही त्याच्यावर काही रोखलेलं नसतं. उलट तुमची मान त्याच्यासमोर खाली झुकलेली असते. आपल्याकडे मान झुकवण्याचा अर्थ काय, ते मी सांगायला नको.

सेवाग्रामच्या तीन अटी

आता या कॅमेऱ्याची महाराष्ट्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट. वर्ध्याजवळचं सेवाग्राम. गांधीजींचे नातेवाईक, नात्याने चुलत नातू, कनू गांधी तिथे आश्रमात काम करत होते. विशीतला पोरगा. त्याला बापूंचे फोटो काढायची इच्छा झाली. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून रोलेफ्लेक्स आणि फिल्म आली. गांधीजींना फोटो काढून घ्यायचा कंटाळा. त्यांनी परवानगी दिली, पण तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही. मी पोझ देणार नाही. आश्रम यासाठी पैसे देणार नाही.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. मला या तीन अटी वाचल्यावर दिसलं ते असं, की क्लायंटने दिलेली इतकी नेमकी रिक्वायरमेंट मी आजवर पाहिली नाही. फ्लॅश नाही, म्हणजे आहे त्या उजेडात काम करणारं उजळ भिंग हवं. पोझ नाही, म्हणजे तिपाई मांडत बसता येणार नाही, कॅमेरा हातातच हवा आणि चटकन फोकस व्हायला हवा. पैसे नाहीत, म्हणजे प्रत्येक फ्रेम विचार करून. त्या काळच्या फिल्म आजच्या मानाने खूप मंद होत्या. तरीही कनू गांधींनी दहा वर्षं बापूंच्या इतक्या जवळून फोटो काढले, की वाटतं माणूस तिथे नव्हताच. पाठमोरे बापू, वजनकाट्यावर उभे बापू, रेल्वेच्या डब्यातून हात पुढे करणारे बापू.

याच्या समोर दुसरा फोटो ठेवा. १९४६, आपलं पुणं. लाइफ मासिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचा चरख्यासोबत फोटो काढायला आल्या. तो फोटो तुम्ही हजार वेळा पाहिलाय: पुढे चरखा, मागे वाचत बसलेले गांधीजी. त्यांना आधी सूत कातायला शिकायला लावलं आणि मग फक्त तीन फ्लॅश बल्बची परवानगी मिळाली. पहिले दोन प्रयत्न वाया गेले, तिसरा साधला. तो फोटो महान आहे, वाद नाही. पण तो बाहेरून आलेल्या माणसाने, ठरवून मिळवलेल्या एका क्षणाचा फोटो आहे. कनू गांधींचे फोटो घरातल्या माणसाचे आहेत. कॅमेरा निवडताना आधी स्वतःला विचारा, की मी यातला कोण? एका दिवसासाठी आलेला, की रोज तिथे बसणारा?

रोलेफ्लेक्स हातात घेऊन इतिहास घडताना उभं राहिलेलं आणखी एक नाव म्हणजे होमाई व्यारावाला. जन्म नवसारीचा, १९१३ चा, शिक्षण मुंबईत जे. जे. स्कूलमध्ये. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे मुंबईतले फोटो पती माणेकशा यांच्या नावाने छापून येत. म्हणजे इथे चेहरे राहिले आणि फोटो काढणारीचं नाव गेलं होतं. पुढे दिल्लीत त्यांनी स्वतःच्या नावाने जे काम केलं, त्यासाठी २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं.

मंचर-नारायणगावच्या स्टुडिओत

मोठी माणसं झाली, आता आपल्याकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर परदेशी कॅमेरे आयात करणं महाकठीण होतं. जर्मन रोलेफ्लेक्स श्रीमंताचा. मग सामान्य माणसाकडे काय आलं? बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला आग्फा क्लिक थ्री. अगदी साधा, ना फोकसची कटकट, ना शटरची. १२० चा रोल घाला, बारा चौकोनी फोटो काढा. घरी जुना चौकोनी अल्बम असेल तर बरेचसे फोटो या डबीने काढलेले असण्याची शक्यता आहे. पुढे फिल्मही आपली आली. हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली, उटीला कारखाना निघाला, ब्रँडचं नाव 'इंदू'. इंदू म्हणजे चंद्र. काळ्या-पांढऱ्या फिल्मला याहून चांगलं नाव कुणी दिलं असतं का?

तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओवाल्यांकडे मात्र जपानी टीएलआर असायचे. याशिका सगळ्यात जास्त. लग्नाला फोटोग्राफर यायचा तो गळ्यात याशिका आणि बाजूला थाळीएवढा फ्लॅश घेऊन. रोलमध्ये बारा फोटो, म्हणून लग्नाच्या अल्बमचा हिशोबही बाराच्या पटीत. कुठले बारा? मुंडावळ्या बांधलेला नवरा, अंतरपाट, सप्तपदी, विहीणबाई, पंगत… यादी आधीच ठरलेली. बारावा फोटो उरला तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा. कित्येक घरांत भिंतीवर हार घातलेला आजोबांचा जो एकमेव फोटो आहे, तो असाच कुणाच्यातरी लग्नात उरलेल्या फ्रेमवर निघालाय.

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यातल्या अशा एका स्टुडिओच्या मालकांना मी भेटलो. काका आता सत्तरीत आहेत. मी विचारलं, "काका, जुन्या निगेटिव्ह आहेत का?" ते म्हणाले, "दुकान लहान केलं तेव्हा पोत्याने गेल्या रे. कोण विचारतंय?" त्यांचा राग नव्हता, माझाही नाही. भाड्याच्या गाळ्यात चाळीस वर्षांची गावाची तोंडं कुठे साठवणार माणूस? पण त्या पोत्यांत धरणाआधीची किती घरं होती, याचा विचार केला की पोटात कालवतं.

अमेरिकेत शिकागोला २००७ मध्ये एका लिलावात अशाच खोक्यांचा सौदा झाला. त्यात व्हिव्हियन मायर नावाच्या बाईंच्या निगेटिव्ह निघाल्या. मुलं सांभाळायचं काम करणाऱ्या या बाईंनी रोलेफ्लेक्स गळ्यात घालून आयुष्यभर रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढले होते, दाखवले मात्र जवळजवळ कुणालाच नाहीत. आज त्यांचं नाव जगभर आहे. खोकं कुणाच्या हाती पडतं, त्यावर सगळं असतं.

आता निवड: मोजमाप घेऊन

बरं, दुसरा प्रश्न. आज हातात धरून काढायचं तर कुठला कॅमेरा घ्यायचा? मी आधी परिस्थिती लिहून काढली. आंबेगावच्या पश्चिमेला, आहुप्याच्या बाजूला, घरं बुटकी असतात, उजेड दारातून येतो. पावसाळ्यात तोही अर्धा. दारात बसलेल्या आजीचा फोटो ४०० स्पीडच्या फिल्मवर, एफ ३.५ छिद्रावर काढायचा तर शटर साधारण सेकंदाच्या तिसाव्या ते साठाव्या भागाचं मिळतं. हातात धरायचा जुना नियम सांगतो, की भिंग जेवढ्या मिलिमीटरचं, निदान तेवढ्या भागाचं शटर हवं. मीडियम फॉरमॅटचं नेहमीचं भिंग ८० मिलिमीटरचं, म्हणजे ऐंशीवा भाग किंवा त्याहून वेगवान. आपल्याला मिळतोय तिसावा. म्हणजे धक्का न देणारा कॅमेराच लागणार.

लेण्याद्रीच्या चैत्यगृहात तर अजून अंधार. तिथे हिशोब अर्ध्या सेकंदावर जातो, तो हाताने शक्य नाही. आणि पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात तिपाई लावायची तर आधी परवानगी काढावी लागते. तेव्हा लेण्यात खांबाला पाठ टेकून, श्वास रोखून प्रयत्न करा, पण आशा फार ठेवू नका. माणसांसाठी हा कॅमेरा, दगडासाठी तिपाई.

अजून एक गोष्ट फोनवाल्यांना नवी वाटेल. दीड मीटरवरच्या माणसावर एफ ३.५ ला फोकस केला तर नीट दिसणारा भाग मागे-पुढे मिळून वीतभरही नसतो. डोळे स्पष्ट आले तर कान मऊ होतात. फोनमधला पोर्ट्रेट मोड जे गणिताने करतो, ते इथे भिंगच करतं, आणि चूक झाली तर नंतर सुधारता येत नाही. म्हणून फोकस दिसणारी काच उजळ आहे का, हे कॅमेरा घेताना सगळ्यात आधी बघा.

आता उमेदवार. स्वीडनचा हॅसलब्लाड ५०० सी १९५७ चा. याच घराण्यातला कॅमेरा १९६९ मध्ये चंद्रावर गेला. आर्मस्ट्राँगने तो छातीवर अडकवून, डोळ्याला न लावता फोटो काढले. चंद्रावर चालला म्हणजे ओसरीवर चालेल असं नाही. त्यात आरसा उडतो आणि पुढचा रोल फिरवेपर्यंत खिडकीत अंधार राहतो. किंमत तर विचारूच नका. पेंटॅक्सचा ६ बाय ७, तोही १९६९ चाच, दिसतो साध्या कॅमेऱ्यासारखा पण प्रिझम आणि भिंगासकट सव्वादोन किलोच्या आसपास, आणि आरशाचा दणका असा की समोरची आजी दचकेल. मामिया आरबी ६७ स्टुडिओचा राजा, वजन अडीच किलोच्या वर. तो घेऊन नाणेघाट चढून दाखवा, मी पुढचा भाग तुमच्यावर करतो.

रेंजफाइंडर प्रकारात आरसाच नसतो. १९८९ चा मामिया ६, १९९५ चा मामिया ७. हलके, शांत, हातात धरायला यांच्यासारखे दुसरे नाहीत. पण आज त्यांची किंमत चांगल्या मोटरसायकलच्या पुढे जाते आणि आतली इलेक्ट्रॉनिक्स बिघडली की दुरुस्त करणारा मिळणं अवघड. फुजीचा ६ बाय ९ मोठी निगेटिव्ह देतो, पण रोलमध्ये फक्त आठ फोटो. घडीचे जुने कॅमेरे, म्हणजे भाता उघडून खिशात मावणारे झाइस इकोंटा वगैरे, हे प्रवासाला छान. मात्र भात्याला बारीक भोकं पडलेली असतात. अंधाऱ्या खोलीत आत फोनचा टॉर्च लावून तपासा, उजेड बाहेर दिसला तर सोडून द्या.

मी घेतला तो याशिका मॅट १२४ जी. १९७० चं मॉडेल. १२४ म्हणजे १२ आणि २४: याच्यात १२० चा बारा फोटोंचा रोलही चालतो आणि २२० चा चोवीस फोटोंचाही. वजन किलोभराच्या थोडं वर. भिंग ८० मिलिमीटर, एफ ३.५. त्यातल्या मीटरला पाऱ्याचा सेल लागायचा, तो आता मिळत नाही, म्हणून उजेड मी फोनवरच्या मीटर ॲपने मोजतो. १९७० चं भिंग आणि आत्ताचा फोन एकाच कामाला जुंपलेत, दोघांचंही जमतंय.

पण निवडीचं खरं कारण वजन आणि किंमत एवढंच नाही. सेवाग्रामच्या तीन अटी मी स्वतःला घालून घेतल्या. फ्लॅश नाही. पोझ नाही. कुणाकडून पैसे नाहीत. त्यात चौथी माझी भर: पहिली प्रिंट फोटोतल्या माणसाला. पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गेलो तेव्हा एका आजींनी मला बघून विचारलं, "खाली काय बघतो रं बाबा? काय हरवलं का?" मी त्यांना काचेत बघायला दिलं. त्यांनी त्यात अंगण बघितलं, उलटं-सुलटं, रंगीत, हलणारं. मग म्हणाल्या, "आमचं आंगण याच्यापरीस मोठं व्हतं." पाण्याखालचं अंगण म्हणत होत्या त्या. त्या अंगणाचा फोटो आता कुठलाच कॅमेरा काढू शकत नाही. पण ते आठवतानाचा त्यांचा चेहरा अजून आहे.

फोनने नाही का होणार?

होतं की. मी रोज काढतो. उगाच जुन्याचं कौतुक म्हणून मी फिल्म वापरा म्हणणार नाही. रोल महाग आहे, धुवून देणाऱ्या लॅब पुण्या-मुंबईतही मोजक्याच. मी घरी बाथरूममध्ये धुतो. फरक मला दोनच ठिकाणी दिसला. बारा फ्रेम असल्या की मी आधी बोलतो, मग फोटो काढतो. फोनवर उलटं होतं. आणि निगेटिव्ह ही वस्तू आहे. ती पासवर्ड मागत नाही. कोरड्या डब्यात राहिली तर माझ्या नातवाला खिडकीशी धरून बघता येईल. माझ्या फोनमधल्या चौदा हजार फोटोंबद्दल मी ही खात्री देऊ शकत नाही, आणि मी हेच काम करून पोट भरतो.

तुम्हाला कॅमेरा घ्यायचा नसेल तर नका घेऊ. पण एक काम या आठवड्यात करा. घरातला चौकोनी फोटोंचा अल्बम काढा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशेजारी बसा. एकेक फोटो पुढे करून विचारा, हे कोण? आणि मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, दाब न देता, लिहून ठेवा. नाव, गाव, अंदाजे साल. पेनाची शाई पुढे पसरते, पेन्सिल टिकते. निगेटिव्ह सापडल्या तर टॅबलेटच्या पांढऱ्या स्क्रीनवर ठेवून फोनने फोटो घ्या, रंग उलटे करा, झाली पॉझिटिव्ह.

कारण आजीच्या त्या फोटोतल्या सातपैकी सहा जणांची नावं मला कळली. डावीकडून तिसरी, पदर कपाळापर्यंत ओढलेली, ओठांच्या कोपऱ्यात हसू अडवून उभी असलेली बाई कोण, हे आजीला आठवत नाही, आणि तिच्याशिवाय आता कुणाला ठाऊक असणार? नाणेघाटात नावं राहिली आणि चेहरे गेले. आपल्या ट्रंकांमध्ये नेमकं उलटं होतंय. चेहरे शाबूत आहेत, नावं दर वर्षी एकेक करून जातायत. हे थांबवायला कॅमेरा लागत नाही. पेन्सिल पुरते.

कुणाला जुन्या आंबेगावचे चौकोनी फोटो सापडले तर मागे नाव लिहून मग मला कळवा. आधी नाव, मग फोटो. भेटू पुढच्या भागात.